कॅचरचा बाप

मुलीनं क्रिकेट सोडलं तेव्हा ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात तिच्या तोडीची विकेटकीपर नव्हती. बाप म्हणून कौतुक करतोय असं वाटेल, पण तरुणपणी मी स्वतः कीपिंग केलंय, मला कळतं. एकदा जेवताना ती भाताचं भांडं पुढे ओढत म्हणाली, "बाबा, मी आता बेसबॉल खेळणार हाव. कॉलेजच्या सरांनी कॅचरसाठी विचारलं, म्हणजे तिथला कीपरच."

"काहून?"

"मले आवडते."

"अवं, पण जगात खेळते कोण तो? अमेरिका. अन् मग?"

"जपान, कोरिया, तैवान, क्युबा, मेक्सिको. आपल्याले माहीत नाई म्हणजे जगातच नाई का?"

"क्रिकेट अर्धी दुनिया पाह्यते."

"भारत, पाकिस्तान अन् बांगलादेश बाजूले ठेवा. मंग सांगा कोण पाह्यते."

मी ताट घेऊन उठलो. हात धुताना उत्तर सुचलं. बाजूला का ठेवायचे? आम्ही माणसं नाही का? ते सांगायला परत आलो, तोवर ती उठून गेली होती.

त्यानंतर माझं मन थाऱ्यावर नव्हतं. ऑफिसात कालव्याच्या दुरुस्तीच्या फायली समोर आणि मी मोबाईलवर शोधतोय, कोणता खेळ किती देशांत चालतो. एकीकडे लिहिलेलं, फुटबॉलनंतर क्रिकेटच. दुसरीकडे क्रिकेट म्हणजे इंग्रजांनी जिथं राज्य केलं तेवढ्यापुरता खेळ. बेसबॉलवाल्यांचंही तसंच, अमेरिकेतले संघ आपसात खेळतात आणि जिंकणाऱ्याला जगज्जेता म्हणतात. ते वाचून मला फार बरं वाटलं. संध्याकाळी मुलीला दाखवलं, तर ती हसली. "आपल्या गल्लीतल्या टुर्नामेंटचं नाव काय होतं, बाबा? विश्वकप."

अमेरिकेत माझी मावसबहीण आहे. तिलाही फोन लावला. ती म्हणाली, "इथं ऑफिसात सांगतलं का काल भारत हारला, तर विचारतेत, कशात?" मग म्हणाली, "पण रविवारी आपले लोक बेसबॉलच्याच मैदानावर क्रिकेट खेळतेत. पिच नसते, चटई टाकतेत." हे कोणाच्या बाजूनं मोजावं ते मला ठरवता येईना.

बायको शाळेत शिकवते, तिला वाद मिटवायची सवय आहे. मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "तुमी दुनियेचं कायले घेऊन बसले? तुमाले पोरीची चिंता हाय का खेळाची?"

"दोन्हीची."

"खोटं बोलून राह्यले," ती म्हणाली आणि आत गेली.

राज्याच्या संघाची निवड जबलपूरला होती. मी सोबत गेलो. मुलीनं आदल्या संध्याकाळी ओट्यावर वाट्या मांडून मला चार बेस, म्हणजे रन काढताना पळत गाठायचे चार कोपरे, समजावले होते, तरी मैदानात पहिला अर्धा तास मला काही उमगेना. बॅटर पळतेय का थांबतेय, टाळ्या कधी वाजवायच्या, ओव्हर कधी संपते. ओव्हर नसतेच. क्रिकेटमध्ये मी चेंडू पडायच्या आधी सांगतो काय होणार; इथं झाल्यावरही कळत नव्हतं. मी सारखा उठत होतो, बसत होतो. पाण्याची बाटली उघडून बंद करत होतो.

पाहणारे आम्ही मोजकेच, सगळे कुणाचे ना कुणाचे आईबाप. भिंतीपलीकडे मोहल्ल्यातल्या पोरांची टेनिस बॉलची मॅच चालली होती. तिथं शंभरेक माणसं, माईकवर कॉमेंट्री, समोशांची गाडी. तिकडून आरोळी उठली की आमच्यातलाही एखादा बाप मान उंच करून पाहून घ्यायचा. मीही पाहिलं. आणि तिथंच मला उमगलं की घरी मला काय टोचत होतं. ही इतकी मेहनत करणार, गुडघे सोलून घेणार, आणि पाहणारं कोणी नसणार. तिनं भारी झेल घेतला तर तो भारी होता हे सांगायला बालाघाटात एक माणूस सापडणार नाही. मलाही सांगता येणार नाही.

शेवटच्या डावात तिसऱ्या बेसवरची मुलगी सुटली. चांगली धिप्पाड होती. शेवटचा बेस राखणाऱ्या माझ्या मुलीच्या सरळ अंगावर धावत आली. लांबून फेकलेला चेंडू टप्पा खाऊन आला, मुलीनं गुडघ्यावर बसून तो घेतला, वळली, आणि दोघी धडकल्या. धुळीत कोण कुठं ते दिसेना. मग तिचा हात वर आला. चेंडू ग्लोव्हमध्येच होता.

मी उभा राहून, छाती फुटेस्तोवर ओरडलो, "हाऊज दॅट!"

अख्खं मैदान माझ्याकडे वळलं. अंपायरनं आधीच मूठ आवळून आउट दिलं होतं. बाकीचे आईबाप हसायला लागले. एक बाई म्हणाल्या, "भाईसाब, ये वो वाला नहीं है." मुलीनं तोंडावरचा मास्क वर केला, माझ्याकडे पाहिलं, आणि तीही खांदे हलवत हसली. ओठ फुटला होता, रक्त येत होतं.

परतीच्या गाडीत तिनं ओठाला बर्फाची पिशवी धरली होती. नैनपूर मागे गेलं तेव्हा म्हणाली, "बाबा, इथं अपील नसते करा लागत. अंपायर स्वतःच सांगतो."

"न विचारता?"

"हौ. न विचारता."

थोड्या वेळानं मी म्हणालो, "तो टप्पा खराब होता. छातीच्या उंचीवर आला असता तर सोपं गेलं असतं."

तिनं पिशवी खाली घेतली. "तुमाले दिसलं ते?"

"कीपरले दिसतेच."

बालाघाट येईपर्यंत ती बोलत राहिली. चेंडू टाकणारा पिचर खूण कशी घेतो, कॅचर बोटांनी कशी देतो, मी ऐकत होतो. अर्धं कळलं.

तिची निवड झाली, पण दुसरी कॅचर म्हणून. राष्ट्रीय स्पर्धेला ती दूर पंजाबात गेली. टीव्हीवर काही नाही, मोबाईलवरही स्कोअर नाही. ऑफिसात तोंडानं हो हो म्हणत होतो आणि दर पाच मिनिटांनी फोन पाहत होतो. तिच्या मॅचच्याच दिवशी भारताचीही क्रिकेट मॅच होती. चहाच्या टपरीवर सगळे एका फोनवर वाकलेले. तेवढ्यात तिचा मेसेज आला: "हरलो. पण शेवटचे दोन डाव मला खेळवलं. एक रनर आउट केली."

"मेरी बेटी ने रन आउट किया," मी सगळ्यांना सांगितलं.

"किधर? लेडीज का मैच है क्या आज?"

"बेसबॉल में."

"अपना इंडिया वो खेलता है?"

"खेलता है," मी म्हणालो, आणि चहाचे चार ग्लास बाकड्यावर मांडायला लागलो. दोघं जण वाकून पाहायला लागले. मी तिसऱ्या ग्लासापर्यंत पोचलो होतो, धडक कशी बसते ते सांगत होतो, तेवढ्यात फोनवर कुणीतरी आउट झालं आणि सगळे तिकडे वळले. मी ग्लासांपाशी एकटाच उभा राहिलो. राग आला. मग न राहवून मीही मान वाकवून विचारलं, "कौन गया?"