कालपटावरचे एकच माप

सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षे झाली होती. मालवणच्या दक्षिणेला किनाऱ्यावर असलेल्या आमच्या गावातील हायस्कूलचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता. व्हरांड्यात शाळेचा कालपट लावायचे ठरले. एका आडव्या रेषेवर वर्षे आणि वर्षांवर घटना, असे लाकडी फळे रंगवायचे होते. हेडमास्तरांनी ते काम मला दिले. मी त्यांचाच विद्यार्थी होतो. सावंतवाडीच्या एका साप्ताहिकात काम करताना मथळ्यांची मापे शिकलो होतो. चित्रकला शिक्षकाची जागा रिकामी असल्याने शाळेत रंगवणारे दुसरे कोणी नव्हते.

मुंबईच्या एका दैनिकात मला उपसंपादकाची जागा मिळाली होती. महिनाअखेरीला हजर व्हायचे होते. त्याआधी फळे संपवून निघणार होतो.

नियम मीच ठरवले. शाळेच्या घटनेला लाल टिंब, गावाच्या घटनेला निळे, बाहेरच्या जगाला काळे. अक्षरे सर्वत्र एकाच उंचीची, पेन्सिलीच्या दोन रेषांत बसवलेली, एकाच चपट्या ब्रशने आणि एकाच हाताने काढलेली. दुसरा हात लागला की अक्षर फिरते, हे हेडमास्तरांना मीच पटवून दिले होते.

पहिले फळे टांगल्यावर महोत्सव समितीचे अध्यक्ष पाहायला आले. ते देवळाचे मानकरी. शाळेची जमीन त्यांच्या आजोबांनी दिलेली.

“माझ्या आज्यान जागा दिली आणि गावात येष्टी इली,” ते म्हणाले. “दोनय एकाच मापात?”

“माप सगळ्यांचा एकच आसा, काका. फरक रंगाचो.”

“देवळात नारळ देतत तेव्हा रंग बघतत? आधी कोण, मागसून कोण, ह्यां बघतत.”

हेडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, “एक ओळ मोठी कर रे. कोणाक कळतला?”

ते सगळ्यांना कळले. जमिनीची ओळ पुसून दुप्पट उंचीने लिहिली, त्यानंतर शाळेची विहीर खणून देणाऱ्या वाडीतले लोक आले. त्यांचीही ओळ वाढली. मग खाडीकडच्या वाडीतील एक म्हातारी आली. वादळात होड्या बुडाल्या तेव्हा तिचा नवरा गेला होता. ती ओळ तिने नातवाकडून वाचून घेतली आणि मला विचारले, “आमची माणसां विहिरीपेक्षा ल्हान काय रे झिला?”

मी तिचीही ओळ पुसायला घेतली.

आता फळ्यांवर दोन मापे झाली होती आणि मोठ्या मापाचा अर्थ मान एवढाच उरला होता. अध्यक्षांची ओळ लहान करणे शक्य नव्हते. उरलेल्या सगळ्या मोठ्या करणे, एवढाच मार्ग होता. त्यासाठी सुताराकडून जादा फळे करून घ्यावे लागले. पावसात ऑइल पेंट वाळेना. महिना संपत आला तेव्हा मी हेडमास्तरांना म्हटले, उरलेले काम दुसऱ्या कोणाला द्या.

“दुसरो हात लागलो तर अक्षर फिरतला, तूच सांगलंस,” ते म्हणाले. “मुंबैक जाऊन लोकांच्या मथळ्यांची मापां काढतलंस मा? ती हंयच काढ.”

मी दैनिकाकडे मुदत मागितली. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिल्याचे कळवण्यात आले.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी फळे पुरे झाले. रेषेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच माप होते. अध्यक्ष एकदा चालत गेले आणि परत आले. हेडमास्तर शेवटच्या फळ्यापाशी थांबले. तिथे एका ओळीपुरती जागा उरली होती.

“चित्रकला शिक्षकाची नेमणूक,” त्यांनी सांगितले. “शाळा समितीन कालच तुका ठरवल्यान. लिही.”

मी विचारले, टिंब कोणते.

“शाळेची घटना. लाल.”

मी पेन्सिलीने दोन रेषा मारल्या. उंची मोजण्याची गरज उरली नव्हती.