पट्टेबहादूरांचा नेपाळी पुतण्या

इंद्रभान पट्टेबहादूर आणि सुखबहादूर तामांग यांची पहिली भेट जऊळक्याच्या स्टेशनावर झाली आणि त्या भेटीपायी रेल्वेचं ब्रॉडगेजचं काम बंद पडलं. म्हणजे इंद्रभानकाका तसं सांगतात. सुरुवातीच्या वर्षांत काम घटकाभरच बंद पडायचं. मग ते दुपारभर पडू लागलं. अलीकडे तर नांदेडहून साहेब लोक ट्रॉलीवर बसून धावत येतात, मजूर टोप्या उडवतात आणि एक मालगाडी अकोल्याकडे तोंड करून नुसती उभी राहते, तिला पुढे जाववत नाही.

घडलं ते एवढंच. काका तेव्हा झेडपीच्या शाळेत शिपाई होते. सहा फूट उंची, कानापर्यंत पोचलेल्या मिशा आणि आवाज असा, की शाळेची घंटा फुटली तेव्हा हेडमास्तरांनी नवी मागवलीच नाही. ते बहिणीला उतरवून घ्यायला स्टेशनावर आले होते. तेवढ्यात ठेकेदाराच्या भटारखान्याकडून कोणीतरी ओरडलं, "ए बहादूर! कुठं मेला बे?"

वाशिम जिल्ह्यात पट्टेबहादूर हे भारदस्त आडनाव आहे. ते अर्ध्यावर तोडून, वर त्याला 'बे' लावून कोणी हाक मारत नाही. काका तरातरा भटारखान्यात शिरले.

"कोन बोलला बे, बहादूर म्हून?"

विहिरीएवढ्या डेगीमागून एक डोकं वर आलं. डोक्याखाली फारसं काही नव्हतं.

"मैं बहादूर, साब."

"तू कायचा बहादूर? बहादूर मी हाये!"

"बाप भी बहादूर था, साब. चाचा भी बहादूर."

काकांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. भावकीतला कोणी एक पूर्वज घोडी घेऊन उत्तरेकडे गेला होता आणि परतला नव्हता, असं त्यांना त्याच क्षणी आठवलं. त्यांनी त्या माणसाला डेगीमागून उचलून छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. वरण करपलं. मजुरांनी त्या दिवशी कांदा-भाकर खाल्ली. ब्रॉडगेजचं एवढंच नुकसान झालं.

काम संपलं, ठेकेदार पुढे गेला, बहादूर मागे राहिला. काका त्याला सावरखेडीला घरी घेऊन आले. "हा माहा पुतन्या," त्यांनी बायकोला सांगितलं. चंपाबाईने एकदा त्या गोल, गोऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"तुमच्या भावकीवर गेला नाई," ती म्हणाली, "हे पोराचं नशीब."

पोरगा नेपाळचा आणि त्यात बौद्ध निघाला, तेव्हा तर विहारात त्याला सतरंजीवर सगळ्यांच्या पुढे बसवलं. लुंबिनी कशी आहे, हे सगळ्यांना ऐकायचं होतं. सुखबहादूरने लुंबिनी पाहिलीच नव्हती. त्याचं गाव डोंगरात होतं आणि चौदाव्या वर्षी तो तिथून जो निघाला तो निघालाच. पण तो जातीचा स्वयंपाकी. दारात आलेल्याला उपाशी परत पाठवणं त्याला जमत नसे. "बहुत अच्छी है," तो म्हणाला. "ठंडी हवा." लुंबिनी सपाटीवर आहे आणि तिथला उन्हाळा वाशिमच्या तोंडात मारील असा असतो, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि गावालाही. सगळे समाधानाने घरी गेले.

पुढे चंपाबाईच्या भाचीशी, मंजुषाशी, त्याचं लग्न लागलं. फाट्यावर त्याने हॉटेल टाकलं. आलूबोंडा असा करायचा की मंगरूळपीरची एसटी वेळेत निघेना. मधे एकदा हौसेने त्याने मोमो करून पाहिले. गावाने ते 'उकडलेली करंजी' म्हणून खाल्ले आणि पुन्हा कधी मागितले नाहीत. तो हळूहळू वऱ्हाडी बोलू लागला, राग आला की मात्र हिंदी. राग त्याला फारसा येत नसे.

गावाचं प्रेम हे असं असतं, की ते माणसाला मोकळं ठेवत नाही. रेशनकार्डात त्याचं नाव चढलं. मग कोणीतरी म्हणालं, एवढा आपला माणूस आणि मतदान नाही? इंद्रभानकाकांनी लगेच लिहून दिलं, की हा आपला पुतण्या असून जन्मापासून याच गावचा आहे. सही केली, वर शाळेचा शिक्का मारायचा होता, तो हेडमास्तरांनी लपवून ठेवल्यामुळे राहिला. सुखबहादूर मतदार झाला. दर निवडणुकीला तो मंजुषाने इस्त्री केलेला सदरा घालून रांगेत सगळ्यांच्या आधी उभा राहायचा आणि शाई लावलेलं बोट दिवसभर जपून ठेवायचा, कणीक मळतानासुद्धा.

आणि मग गावाने त्याला मेंबर करायचं ठरवलं.

ग्रामपंचायतीत दोन गट होते. त्यांच्यात एवढं हाडवैर, की एकाने रामराम घातला तर दुसरा आधी मागे वळून बघे, कोणाला घातला ते. भांडून दमल्यावर दोघांना एक माणूस सापडला, ज्याच्या हातचं दोन्हीकडचे खात होते. सुखबहादूर बिनविरोध! काकांनी पेढे वाटले. ती जागा एका गटाचे पुढारी बबनराव यांनी भाच्यासाठी मनात धरून ठेवली होती, हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बबनराव हॉटेलात आले. बाकड्यावर बसले, बोंडा खाल्ला, बोटं पुसली आणि फार मायेने विचारलं, "बहादूर, तुह्या गावाचं नाव काय होतं रे?"

सुखबहादूरने आनंदाने सांगितलं. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बबनरावांनी गावाजवळच्या नदीचं नाव विचारलं. मग आईचं. मग, भाऊ किती आणि घर कोणत्या अंगाला. रोज एक प्रश्न, जास्त नाही. उत्तर मिळालं की मान हलवायची, पाणी प्यायचं, उठून जायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी सुखबहादूरच्या हातून बोंडा तेलात पडताना तेल उडालं. त्या दिवशीचा प्रश्न होता, "मंग तू जन्मापासून इथला कसा रे?"

बबनराव हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

सुखबहादूर मंगरूळपीरला वकिलाकडे गेला. देवेंद्रकुमारजी जैन हे सावकाश बोलणारे गृहस्थ. रात्रीचं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकायचं आणि अशील घाबरला असला तर आधी त्याला पाणी द्यायचं, हे त्यांचे दोन नियम. पाणी देऊन त्यांनी सगळं ऐकलं.

"नेपाळचा माणूस इथे जन्मभर राहू शकतो," ते म्हणाले. "हॉटेल टाकू शकतो, संसार करू शकतो. तुम्ही काही गुन्हा केलेला नव्हता. पण मतदान फक्त नागरिकाला. गावाने तुम्हाला मतदार केलं, तिथून घोळ झाला."

"मग आता होतो ना नागरिक, साहेब. खराखुरा."

"होता येईल. बायको इथली आहे, सात वर्षांच्या वर राहिलात. नेपाळ सोडावं लागेल."

नेपाळ म्हणजे सुखबहादूरच्या डोळ्यांपुढे आली ती एक चूल, तिच्यामागे बसलेली आई आणि दाराबाहेर धुकं. आई जाऊन किती वर्षं झाली, हे त्याला मोजता आलं नाही. "सोडतो," तो म्हणाला.

"मग खरं लिहावं लागेल. कुठून आलात, कधी आलात. मग ते विचारतील, मतदार कसे झालात? जन्मापासून इथला आहे म्हणून कोणी लिहून दिलं?" वकिलांनी पाण्याचा ग्लास पुन्हा पुढे सरकवला. "खोटं लिहून देणाऱ्याला कायद्यात शिक्षा आहे, सुखबहादूरजी. कोणी दिलं होतं?"

सुखबहादूर पाणी प्यायला, ग्लास खाली ठेवला आणि उठला.

घरी आल्यावर त्याने मंजुषाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"अर्ज करशीन तं काका अडकतीन," ती म्हणाली. "नाई करशीन तं तू. बबनराव काय सोडनार हाये का?"

"मेंबरचं सोडून देतो."

"ते तं सोडच. मले नवरा पायजे, मेंबर नाई. पन मतदानाचं कार्ड? ते का गिळशीन?"

मेंबरकी त्याने सोडली. पोटदुखीचं कारण सांगितलं. जागा बबनरावांच्या भाच्याला मिळाली. सुखबहादूरला वाटलं, आता संपलं. दुसऱ्या दिवशी बबनराव हॉटेलात आले, बाकड्यावर बसले. काही विचारलं नाही. बोंडा खाल्ला आणि त्याच्याकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशीही तेच. प्रश्न होते तेव्हा बरं होतं.

सव्वीस नोव्हेंबरला विहारापुढे संविधानाची उद्देशिका वाचायची असते. ती काकांची मक्तेदारी. माईक लावला तर माईकच घाबरतो, म्हणून ते नुसत्या आवाजात सांगतात आणि गाव मागून म्हणतं. दरवर्षी सर्वांत मोठ्याने सुखबहादूर म्हणायचा. या वर्षी बबनराव पहिल्या रांगेत उभे होते. त्यांची पाठ काकांकडे होती आणि तोंड सुखबहादूरकडे.

काकांनी सुरुवात केली. सुखबहादूरने 'आम्ही' म्हटलं आणि पुढचं त्याला म्हणताच येईना. ओठ तसेच उघडे राहिले. भोवतीने सगळं गाव म्हणत होतं, आणि बबनराव त्याच्या ओठांकडे बघत होते, शांतपणे, दूध कधी उतू जातं ते बघावं तसे.

काकांना वरून सगळं दिसलं. वाचन संपताच ते त्याच्या घरी आले. मंजुषाने वकिलाचं बोलणं सांगून टाकलं. काकांनी मिशा ताणल्या.

"मंग कर ना अर्ज! लिव्ह खरं! मी सांगतो, मीच लिवलं म्हून. कोनाच्या बापाले भेतो का मी?"

"नाई काका."

"काहून नाई?"

"तुमी हाये तवर नाई."

काकांना ते वाक्य आधी नुसतं कळलं, मग नीट कळलं.

"म्हंजे मी मराची वाट पाहून राह्यला का बे तू?"

"मी कुठी वाट पाह्यतो? तुमी जगा ना."

"यायले मराची घाई नाई," चंपाबाई दारातून म्हणाली. "जेवाची हाये. चला." पण काका उठले नाहीत. हात गुडघ्यावर टेकलेले होते. एवढा मोठा माणूस, आणि त्याचे हात तेवढे म्हातारे दिसले.

तेव्हापासून सगळं तसंच चाललं, फक्त मोकळं राहिलं नाही. मतदानाच्या दिवशी सुखबहादूर हॉटेल बंद ठेवून मंगरूळपीरला जायचा आणि दर्ग्याजवळच्या झाडाखाली बसून संध्याकाळी परत यायचा. फाट्यावर अनोळखी मोटरसायकल थांबली, की तो आधी तिची नंबरप्लेट बघायचा. बबनराव रोज यायचे. आणि काकांना खोकला आला, की सुखबहादूरच्या हातातला झारा थांबायचा. त्याला भीती वाटायची, आणि त्या भीतीच्या मागे आणखी काहीतरी हलायचं. तिकडे तो बघायचा नाही. उठून काकांसाठी आल्याचा काढा करायचा, जास्तच कडक, आणि ग्लास रिकामा होईपर्यंत समोर उभा राहायचा.

काका पीत पीत म्हणायचे, "तू मले मरू देत नाई आन् मी तुले इथला होऊ देत नाई."

मागच्या मे महिन्यात सुखबहादूर भट्टीपुढे चक्कर येऊन पडला. ऊन लागलं होतं. वाशिमच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला. काका ऐंशीच्या घरात आहेत, तब्येत ठीक आहे. अर्ज केलेला नव्हता.