हिचामी कोणत्या भागातला?

मी ब्रह्मपुरीच्या एका शाळेत पीटीचा मास्तर आहे, आणि जपानी शाळेतली मुलं-मुली एकमेकांशी बोलेनाशी झाली की मला रडू येतं.

आमच्या शाळेतल्यांचं वेगळं आहे. ती बोलायला लागली की मी शिट्टी वाजवतो. सायकल स्टँडमागे एखादा पोट्टा एखाद्या पोट्टीला बोरं देताना दिसला, तर दोघांना मैदानाला फेऱ्या मारायला लावणारा मीच! (बोरं जप्त. ती मी स्टाफरूममध्ये खातो.) पण दिवाळीच्या सुट्टीत माझी लेक मयुरी गडचिरोलीच्या नर्सिंग कॉलेजातून घरी आली आणि तिनं मला मोबाइलवर अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, दाखवली. गणवेशातला एक लाजरा मुलगा. शेजारच्या बाकावर एक मुलगी. ती छत्री विसरली आहे, याच्याकडे आहे. एवढंच! मारामारी नाही, सासू नाही, दुधात कालवलेलं विष नाही. "घे" म्हणायला त्यानं आख्खा भाग लावला आणि शेवटी छत्री तिच्या हातात कोंबून स्वतः भिजत पळाला! मी डोळे पुसले.

"अवो, कार्टून पाहून रडून राह्यले का?" बायको म्हणाली. तिचं नाव सुनंदा.

"कांदा कापत होतो."

"कांदा कुठी आहे?"

मयुरी परत गेल्यावर फोनवर आमचं रोज तेच चालायचं. कोणी कोणाला डबा दिला, कोण जिन्यात अडखळलं. त्या जपानी नावांचा मी पार चोथा करायचो आणि ती सुधारून द्यायची. अशात एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, हिचामी काई बोलतच नाई."

नवी मालिका लागलेली दिसते, मी ओळखलं. "लाजरा आहे का?"

"लय! लायब्ररीत पोरीसाठी जागा धरून ठेवते आन् मंग स्वतःच दूर जाऊन बसते."

"वा! पोट्टा चांगला आहे."

"पन बाबा, पोरीनंच आपल्या तोंडानं सांगतलं तर?"

"सांगावंच! त्याच्या भरवशावर राह्यली तर म्हातारी होऊन जाईन ते."

तिचा आवाज बारीक झाला. "त्याची जात वेगळी आहे, बाबा. गाव बी लय दूर, जंगलातलं."

(जपानात जात असते हे मला नवीन होतं. पण मी तिथल्या समाजाचा अभ्यास कुठे केलाय?)

"प्रेमात कायची जात!" मी मैदानावरच्या आवाजात गरजलो. "आन् पोरीचा बाप आडवा आला, तर त्याले मी पाह्यतो!"

पलीकडून एक हुंदका. मलाही गहिवरून आलं. इतकं मन लावून अ‍ॅनिमे पाहणारी पोरगी नशिबानंच मिळते.

रविवारी मयुरी घरी आली. तिच्यामागे एक उंच, सावळा पोरगा, हातात चारोळीची पिशवी. बस म्हटलं तरी उभाच.

"बाबा, हा हिचामी."

मी खूश! मालिकेतलं नाव मित्राला ठेवायचं, ही तर आताच्या पोरांची रीतच. मी डोळा मिचकावून विचारलं, "काय हिचामी, कोणत्या भागातले तुमी?"

"भामरागड भागातला, सर."

मी खो खो हसलो. दुसरं कोणीच हसलं नाही. आणि मग माझी ट्यूब पेटली! विभागीय शर्यतींत भामरागडकडचे हिचामी आडनावाचे किती आदिवासी पोट्टे माझ्या डोळ्यांदेखत पळाले होते! एकाच्या छातीवर तर नंबर मीच टाचला होता. पण डोकं जपानात अडकलेलं.

"मयुरी, जरा आत ये," मी म्हणालो. या वेळी आवाज मैदानावरचा नव्हता.

सुनंदा मध्ये आली. "आत कायले? फोनवर तर गरजून राह्यले होते, प्रेमात कायची जात! शेजारच्या कमलबाईनं भिंतीपल्याडून ऐकलं. साऱ्या गल्लीत नाव झालं तुमचं. माहा भाऊ बी म्हणे, भाऊजी लय सुधारले!"

"अवं, पन मले वाटलं..."

"काय वाटलं?"

काय सांगणार? जावई जपानी वाटला होता म्हणून?

मयुरी माझ्याकडे पाहत होती. तो पोरगा पाण्याचे ग्लासावर ग्लास रिचवत होता. तोंड उघडायचा, मिटायचा. शेवटी पुढे झाला, चारोळीची पिशवी माझ्या हातात कोंबली, "घ्या" म्हणाला आणि तडक दाराकडे पळाला!

मला भरून आलं. अहो, ह्याच पोरासाठी तर मी दिवाळीपासून रडत होतो! मोबाइलमध्ये होता तोवर मला हवाहवासा होता. दारात आला तर नको?

"अरे थांब बावा!" मी ओरडलो. "जेवून जा! आन् तुह्या बाबाले फोन लाव, मी बोलतो."

मयुरी रडली, सुनंदा रडली. माझ्याकडे तर आता कांद्याचंही निमित्त नव्हतं.

जेवणं झाल्यावर दोघं बसस्टँडकडे निघाली, मधून बैलगाडी जाईल एवढं अंतर ठेवून. मी पडद्याआडून पाहत पुटपुटत होतो, "हात धर ना, बेट्या! धर!"

"अवो," मागून सुनंदा म्हणाली, "तुमी माहा हात कवा धरला होता?"

"म्हणजे? लग्नात!"

"तो तर भटजीनं धरून देल्ला होता."