धसका, दारू आणि उपास

मालनताई माझी नणंद. साकीनाक्याच्या एका गाळ्यात तिने एकोणतीस वर्षं स्विचचे स्क्रू पिळले, लग्न केलं नाही, मुलुंडला आमच्याच घरात राहिली आणि माझ्या प्रत्येक भाजीला नावं ठेवली. "गो अनू, ह्यात मीठ घातलंस काय इसारलंस?" आमचं कधी पटलं नाही. तिच्याशिवाय करमायचं नाही, तो भाग वेगळा.

दोन वर्षं तिचं पोट दुखत होतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कोणाला पोटाचा कॅन्सर वगैरे?" ताई ठासून म्हणाली, "छे, आमच्यात कोणाक नाय." मीही मान डोलावली. आम्ही दोघी खोटं नव्हतो बोलत. माझे सासरे सीताराम गिरणीच्या संपाच्या धसक्याने गेले आणि मोठे दीर राजाराम दारूने, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. ताईला ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. तिने त्या चघळल्या, आणि संकष्टी, गुरुवार सगळं चालूच ठेवलं.

रक्ताची उलटी झाली तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात नेलं. दुर्बीण घातली. कॅन्सर निघाला, तोही यकृतापर्यंत पोचलेला. तिथली डॉक्टर वयाने पोरगीच, पण हुशार. तिने रोगाचं नावच घेतलं नाही. म्हणाली, "वडील शेवटी शेवटी काय खायचे?"

"काय खातले? पेज पण पोटात रवायची नाय. दोन घासांत पोट भरायचं. नुसती हाडं उरलेली."

"आणि भाऊ?"

"तो प्यायचा. पोटात कळ आली की..." ताई थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याचा पण तसाच होता गो."

आता एकच भाऊ उरला होता आणि तो माझा नवरा होता.

डॉक्टरीण म्हणाली, "भावाची दुर्बीण लगेच करून घ्या. लवकर सापडला तर माणूस वाचू शकतो. यांचं आधी कळलं असतं तर मीही वेगळं बोलले असते."

जयवंत ऐकेल तर शपथ. "मला काय धाड भरलीय?" एवढंच. जन्मात कोणापुढे न वाकलेली ताई खाटेवरून रोज धाकट्या भावाला हात जोडायची. तो उठून गॅलरीत जायचा. असा संताप यायचा मला त्याचा! सात महिन्यांनी, माघात, ती गेली.

बाराव्याला गावची माणसं आली. जेवताना कोणीतरी म्हणालं, "मालनने उपास काय कमी केले? उपासांनीच खाल्ली तिला."

"हो ना," जयवंत म्हणाला. "कोणाचं ऐकायचीच नाही."

माझं डोकं फिरलं. हातातलं भाताचं पातेलं मी तिथेच आपटलं. "कॅन्सरने गेली ती. पोटाच्या. बाप त्यानेच गेला, भाऊ त्यानेच गेला. परत उपासाचं नाव काढाल तर बघा."

जयवंत ताटावरून उठला. मी त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले, भांडायलाच. "सोमवारी दुर्बीण करायची. नाहीतर ह्या घरात मी राहत नाही."

तो ओट्याला टेकून उभा होता. माझ्याकडे बघेना.

"घास अडकतो गं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

दिवाळीत ताई जिवंत होती. रोज त्याला हात जोडत होती.