वायर जोडण्याआधीच दाबलेलं बटण

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. नुसता नव्हता असं नाही — नाशिकच्या चौकांत उभी राहून मी बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटते. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. घडलं तसं लिहिते.

अंबडच्या एका छोट्या कंपनीत मी सॉफ्टवेअर लिहिते. ओझरजवळच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी आम्ही थंडावा सांभाळणारा नवा कंट्रोलर बनवला. पॅकिंगच्या बायकांपैकी कुणी आत अडकलं तर बेल वाजवता यावी, म्हणून बोर्डवरच्या पॉवर चिपच्या रिकाम्या पिना वापरायचं ठरलं. त्या पिना चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बोर्डवरच्या लिनक्समध्ये नव्हता, तो मी लिहिला. जुनी बेल बंद, आतून दार उघडायची कडी मोडकी... आणि मालक म्हणतो, "बायकांना सांगितलंय ना, दार लोटू नका म्हणून!" लाज वाटायला हवी!

दुपारी बोर्ड बसवला. आतल्या बटणाची वायर अजून जोडायची होती. तिची उघडी टोकं माझ्या पायाशी पडलेली. तरी स्क्रीनवर — बटण दाबलं. सोडलं. दाबलं...

"ताई, आत कोन हाय?" पॅकिंगच्या हिराबाई जवळ आल्या.

"कोणी नाही हो. मोकळी पिन हवेतलं काहीबाही पकडते."

बोलता बोलताच आठवलं. मोकळी पिन अशी भरकटू नये, याची सोय मीच ड्रायव्हरमध्ये केली होती. पुन्हा तपासली. चालू होती. आणि दाबणं आता घाईघाईनं होत होतं.

"अगं बया... लता कुठंय?" हिराबाई किंचाळल्या.

दार ओढून उघडलं. पॅकिंगच्याच लतामावशी क्रेटांना टेकून बसलेल्या, ओठ निळे. उन्हात आणून हातपाय चोळले.

"बरं झालं, बटण दाबत राहिलात," वायर जोडलेली नाही हे विसरून मी म्हणाले.

"म्या कुठं दाबलं? अंधारात घावलंच नाय. ती दुसरी बाई दाबीत व्हती ना. म्हनली, तू बस, मी बगते. लय गार हात गं तिचे... तिला काढली का भायेर?"

मी टॉर्च घेऊन आत गेले. क्रेट, भिंत, बटण. माणूस नाही. भिंतीवर सगळीकडे दव होतं. बटण तेवढं कोरडं.

मी लिहिलेला ड्रायव्हर माझ्या मित्रांनीही तपासला, चूक सापडली नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. भांडून कडी बदलून घेतली. उद्या वायर जोडायला मला आत जायचंय, आणि मी जाणार, कारण बायका रोज जातात. पण सगळ्या बाहेर असताना बेल वाजली, तर दार उघडायचं की नाही... हे त्यांना मी काय सांगू?