आश्विनाचा फोटो

प्रेमलताबाईंनी सिंधूताईंचं सोनं परत केलं होतं, ते बेसा वस्तीतल्या देवळात कोणी विसरलं नव्हतं. मागच्या दसऱ्याला भजनी मंडळाच्या सिंधूताई आरतीनंतर सगळ्यांना पानं वाटत होत्या. प्रेमलताबाईंनी हातात आलेलं पान उलटून पाहिलं, बोटांत चुरगाळलं, परत त्यांच्याच हातात ठेवलं आणि चारचौघींत म्हणाल्या, "हे काही सोनं नोय, सिंधूताई. कांचनाचा पाला होय. आपट्याचं पान लहान राह्यते, जाड राह्यते. देवापुढं नकली ठेवून राहिल्या तुमी."

बोलणं खरं होतं. पण सणासुदीला असं बोलू नये, आणि बोलायचंच तर बाजूला नेऊन बोलावं. सिंधूताई हसल्या. "मंग खरं कुठं भेटते तेवढं दाखव नं माय," एवढंच म्हणाल्या.

प्रेमलताबाई ईर्षेनंच शोधायला निघाल्या. शेवटच्या लेआउटच्या मागं, नाल्यापलीकडं, न विकल्या गेलेल्या एका प्लॉटवर त्यांना आपटा सापडला. खरा, जुना, फांद्या खाली लोंबणारा. सून आली तेव्हा मुलाचा जुना मोबाइल ठेवून गेली होती, त्यात त्यांनी कार्तिकात पहिला फोटो काढला. मग दर महिन्याला एक, त्याच दगडावर बसून, त्याच बाजूनं.

स्कूटरवर नेऊन सोडायचे गिरिधरराव. वीज कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. जन्मभर कुठल्याही कार्यक्रमात मागच्या रांगेत उभं राहिलेला माणूस. त्याची सगळी भडास घरी निघे.

"लोकं काश्मीरले जाते फोटो काढाले, आमची बाई नाल्याच्या काठी," ते स्कूटरला टेकून म्हणत. "झाडाले सांग वं, जरा हसून उभं राह्य म्हणावं."

प्रेमलताबाई ऐकून घेत. स्कूटर गिरिधररावांची होती.

पौषात त्या नाल्यावर धुकं असायचं आणि त्यात झाड नुसतं काळं, भिजल्या घोंगडीसारखं दिसायचं. फाल्गुनात पलीकडं पळस पेटला तेव्हा आपट्याचं पान गळत होतं, काळ्या वाकड्या शेंगा तेवढ्या फांद्यांवर राहिल्या. वैशाखात आभाळ पांढरंफटक, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि त्या मरणाच्या उन्हात झाडाला पोपटी पालवी. तो फोटो काढताना त्यांना भोवळ आली होती. ज्येष्ठात एका फांदीवर लाल मुंग्यांनी पानं शिवून मुठीएवढं घर केलं. श्रावणात खाली तरोट्याचं तण माजलं, गुडघाभर चिखलातून त्या गेल्या, उपाशीपोटी, सोमवार होता म्हणून. त्या दगडावर बसलं की जप आपोआप सुरू व्हायचा, असं त्या सांगत. देवळात सुरू व्हायला वेळ लागे.

भाद्रपदात देवळाच्या मंडळींनी ठरवलं, कोजागरीला सभामंडपात प्रेमलताबाईंचे फोटो लावायचे. 'एका झाडाचं वर्ष'. अकरा तयार होते. आश्विनाचा राहिला होता, आणि तो दसऱ्याच्या पहाटेच घ्यायचा हे त्यांनी मनाशी धरलं होतं. ज्या दिवशी गावभर त्याच्या पानासाठी हात पुढं होतात, त्या दिवशी अंगावर सगळी पानं घेऊन उभं असलेलं झाड. तेवढा एक फोटो झाला की त्यांना काही नको होतं.

नवरात्रात सिंधूताई घरी आल्या. कुंकू लावून घेतलं, चहा घेतला, मग म्हणाल्या, "यंदा देवीले खरंच सोनं वाहू म्हणतो. जागा सांग वं."

"नाही सांगत, सिंधूताई. तुमी टेम्पो घेऊन जासान."

"देवाच्या वस्तूवर तुहा काहून हक्क? वाटाचं सोनं लपवून राहिली तू."

"चार पानं मी आणून देतो देवीले."

"चार पानं!" सिंधूताई उठल्या. दारात गिरिधरराव चपला घालत होते. त्यांच्याकडं वळून त्या गोड आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, यंदा सीमोल्लंघनाले पुढं झेंडा कोण धरते, ते ठरलं नाही अजून. तुमच्यासारखं जुनं माणूस पाह्यजे."

गिरिधररावांनी बायकोकडं पाहिलं नाही. सिंधूताईंना फाटकापर्यंत सोडायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ते आभाळाकडं बघून म्हणाले, "उद्या पहाटे ढग राहीन. तुह्या फोटोत काही दिसाचं नाही. दुपारी नेतो तुले."

"पण मी पहाटेचा..."

"मी म्हणतो नं नेतो. विश्वास नाही काय?"

त्या थांबल्या. पहाट लख्ख उजाडली तेव्हा गिरिधरराव आणि स्कूटर दोन्ही घरात नव्हते. देवळाच्या कामाला गेले असतील, असं म्हणून त्यांनी पुरणाला डाळ लावली. दुपार गेली. संध्याकाळी ताशाचा आवाज आला, पाठोपाठ टेम्पो. टेम्पोत हिरवा ढीग, वर पोरं बसलेली, आणि पुढं झेंडा घेतलेले गिरिधरराव, कपाळभर गुलाल.

ते दाराशी आले. खांद्यावर मोठी फांदी होती. तिच्यावर वाळकं, मुठीएवढं मुंग्यांचं घर अजून चिकटलेलं होतं. प्रेमलताबाईंनी ते पाहिलं आणि निरांजनाचं ताट हातात तसंच राहिलं.

"ओवाळ नं वं. लोकं पाहून राहिले."

रीत होती. सीमा ओलांडून आलेल्या पुरुषाला दारात ओवाळायचं. त्यांनी ओवाळलं, कुंकू लावलं. गिरिधररावांनी फांदीवरून पान ओरबाडून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"सोनं घे. सोन्यासारखी राह्य."

टेम्पोजवळून सिंधूताई ओरडल्या, "पाहून घे वं प्रेमलता, नकली तं नाही नं?"

बायका खो खो हसल्या. गिरिधररावही हसले. मग फांदी नीट खांद्यावर घेऊन म्हणाले, "काढ आता माहा फोटो. त्या झाडाचे तं लई काढले."

त्यांनी ताट खाली ठेवलं, मोबाइल आणला आणि काढला.

दुसऱ्या दिवशी त्या पायी गेल्या. कमरेएवढं खोड उरलं होतं, कुऱ्हाडीचे घाव वेडेवाकडे, भोवती तुडवलेला पाला आणि चाकांच्या चाकोऱ्या. इतके महिने झाडामागं झाकलेली उंच इमारत आता सरळ समोर दिसत होती. त्या दगडावर बसल्या, आश्विनाचा फोटो घेतला. त्या दिवशी जप सुरू झाला नाही.

कोजागरीला त्यांनी बारा फोटो स्वतःच्या हातानं लावले. दूध आटेपर्यंत बारावा गायब होता. "सणाले हे तोडल्या झाडाचं थुटूक काय लावते, अशुभ दिसते," म्हणत सिंधूताईंनी त्या जागी गिरिधररावांचा फोटो चिकटवला होता, खांद्यावर फांदी घेतलेला. तो त्यांनी प्रेमलताबाईंकडूनच मागून छापून घेतला होता. लोक एकेक फोटो बघत पुढं सरकत आणि तिथं थांबत. "हा खरा जिवंत फोटो," असं चार जणांनी तरी म्हटलं. गिरिधररावांना नारळ मिळाला. प्रेमलताबाईंनी दुधाचा पेला संपवला, बाकीच्यांचेही गोळा केले, विसळले.

घरी येताना गिरिधरराव खुशीत होते. "पाह्यलं? माह्यामुळं तुह्या फोटोले किंमत आली. आता दुसरं झाड पाहू आपण. मी नेतो तुले."



कार्तिक लागला तसं त्या रोज पहाटे उठून, मोबाइल घेऊन, नाल्याच्या उलट दिशेला एकट्या पायी जाऊ लागल्या. साडीच्या काठाला कुसळं, पायाला काळी माती घेऊन परत यायच्या.

"कुठं गेलती वं?" गिरिधरराव विचारत.

"देवळात," त्या म्हणत.

देवाचं नाव घेऊन खोटं बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. आता रोज जमे. देवळाची पायरी मात्र त्या कोजागरीनंतर एकदाही चढल्या नाहीत.