लेकीच्या वजनाचे तांदूळ

हसू नका, पण आज सकाळी मी आमच्या किनारपट्टीवरच्या चोपड्याच्या नदीत तांदळाचं पोतं सर्फबोर्डवर ठेवून सोडलं.

माझी मनू तिच्या आईसोबत पुण्याला असते. सुट्टीत येईल म्हणून तिच्यासाठी बोर्ड घडवला. आम्ही होड्या बनवणारे, वजन चढवून बघितल्याशिवाय काही पाण्याला देत नाही.

काठावरून शेजारचे काका ओरडले, "तांदळांक पवूक शिकवतंस काय रे?"

पोहायला तांदूळ नाही, बोर्ड शिकत होता. मनूच्या वजनाएवढ्या अठरा किलोला तो झकास तरला. खुशीत तिला फोन करून सांगितलं.

"बाबा, मी आता अठ्ठावीस किलोची आहे!"

आणखी दहा किलो भरले. बोर्डचं नाक बुडालं.

बोर्ड काय, दुसरा घडवेन. पोतं खांद्यावर घेऊन घरी आलो, पण खाली ठेववेना. एवढी जड झाल्यापासून तिला मी एकदाही उचललेलं नाही.